मारमाही: नगरच्या पाण्यातला सापासारखा मासा

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात काचेच्या टाकीच्या तळाशी कधीकधी एक लांबट मासा वाळूत अर्धा गाडून घेतलेला दिसतो. तोंडाला बारीक सोंड, अंगावर तपकिरी नागमोडी नक्षी. दुकानदार त्याला 'झिगझॅग ईल' किंवा 'टायर ट्रॅक ईल' म्हणतो. नाव ऐकून वाटतं, हा सिंगापूर-बँकॉकहून आलेला पाहुणा असणार. पण हा आपला वाम आहे. गोदावरी, प्रवरा, मुळा, भीमा या नद्यांतला, रश्श्यासाठी बाजारात मिळणारा वाम. शास्त्रज्ञ त्याला 'मॅस्टासेम्बेलस आर्मेटस' म्हणतात. हे नाव फ्रेंच निसर्ग-अभ्यासक लासेपेद यांच्या १८०० सालच्या वर्णनावरून आलं. 'आर्मेटस' म्हणजे शस्त्रधारी. त्याच्या पाठीवर बारीक काट्यांची रांग असते, आणि पकडणाऱ्याच्या हाताला ती लगेच कळते.

हा मासा घरी पाळता येतो. त्यासाठी दोन गोष्टी कळाव्या लागतात: त्याला कसलं पाणी लागतं आणि त्याच्याबरोबर कोण राहू शकतं. या दोन प्रश्नांचा माग काढत गेलं की निजामशाहीच्या नगरपर्यंत पोचायला होतं. आज तोच माग काढू या.

एका माशाची पाच नावं

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांपासून सुरुवात करण्याची सवय आहे. मराठीत वाम किंवा वांब, हिंदी-उर्दूत बाम. कोकणात समुद्रातल्या एका लांब माशालाही वाम म्हणतात, पण तो वेगळा. फारसीत या आकाराच्या माशांना 'मारमाही' म्हणतात: मार म्हणजे साप, माही म्हणजे मासा. अरबीत 'जिर्रीस' किंवा 'जिर्री'. चौदाव्या शतकातले इजिप्तचे विद्वान दमीरी यांनी आपल्या 'हयातुल हयवान' या प्राणिकोशात जिर्रीसची नोंद घेतली आहे आणि सापासारखा मासा असंच त्याचं वर्णन केलं आहे.

दख्खनच्या नद्यांत सापासारखा आणखी एक मासा होता, आणि तो वामपेक्षा मोठा. त्याचं नाव अहीर. या नावात 'अहि' म्हणजे साप हा संस्कृत शब्द ऐकू येतो. लॅटिनमध्ये त्याच्या कुळाला 'अँग्विला' म्हणतात आणि त्याचाही अर्थ छोटा साप. फारसी, मराठी आणि लॅटिन बोलणाऱ्यांनी एकमेकांना न विचारता एकच उपमा दिली.

वाम आणि अहीर दिसायला भावंडं वाटली तरी नात्यानं दूरचे. वाम पूर्णपणे गोड्या पाण्याचा. तो इथेच जन्मतो आणि इथेच मरतो. अहीर हा खरा ईल. त्याचा जन्म हिंदी महासागराच्या खोल पाण्यात होतो. काचेसारखी पारदर्शक पिल्लं नदीच्या मुखाशी येतात आणि प्रवाहाविरुद्ध चढत आत जातात. तिथं कित्येक वर्षं राहून मोठी झाली की अंडी घालण्यासाठी परत समुद्रात जातात. आपल्या जिल्ह्यातल्या प्रवरा-मुळा गोदावरीला मिळतात, सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. सगळं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. म्हणजे दख्खनच्या डोहातला अहीर हजार किलोमीटरहून जास्त अंतर पोहून आलेला असायचा.

कर्नल साइक्स आणि एल्फिन्स्टनचा अहीर

पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारनं १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे जिल्हे त्याच्या अहवालात आहेत. जमीन, पीक, वजनं-मापं मोजता मोजता त्यानं पक्षी आणि मासेही गोळा केले. दख्खनच्या माशांवरचं त्याचं काम लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढं आलं आणि त्यातल्या माशांच्या नावांपुढं आज १८३९ हे साल लिहिलं जातं.

साइक्सची एक गोष्ट मला आवडते. अनेक माशांना त्यानं इथल्या लोकांच्या तोंडची नावंच लॅटिनचा पोशाख चढवून दिली. शिंगटीची झाली 'सींगटी', महाशीर जातीचा एक मासा झाला 'खुद्री'. ही नावं आजही जगभरच्या ग्रंथांत आहेत. ज्या मासेमारांनी ती त्याला सांगितली त्यांची स्वतःची नावं मात्र कुठंच नाहीत. नदीकाठचे भोई, कोळी, जाळं विणणारे आणि टोपलीतून मासा विकणाऱ्या बायका यांच्या ज्ञानावर ते शास्त्र उभं राहिलं.

अहीरच्या बाबतीत साइक्सनं वेगळं केलं. त्याला त्यानं मुंबईचे माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचं नाव दिलं: 'अँग्विला एल्फिन्स्टोनाय'. पण याच माशाला ग्रे नावाच्या शास्त्रज्ञानं १८३१ मध्येच 'बेंगालेन्सिस' म्हटलेलं होतं. आधीचं नाव टिकतं हा शास्त्राचा नियम, त्यामुळे गव्हर्नरसाहेबांचं नाव गळून पडलं. आपल्या शहराचंही नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. नावं सरकारदरबारी बदलतात, सीनेचं पाणी ज्या वाटेनं जायचं त्या वाटेनं जातं.

एक मासा, अनेक दस्तरखान

आता वाचकांपैकी अनेकांच्या मनात आलेला प्रश्न: हा मासा हलाल आहे का?

हनफी फिकहमध्ये पाण्यातल्या प्राण्यांपैकी फक्त मासा हलाल आहे. मग सापासारखा दिसणारा हा प्राणी मासा की आणखी काही, अशी शंका जुन्या काळीही होती. म्हणूनच 'कुदूरी' आणि 'हिदाया' या मदरशांत शतकानुशतकं शिकवल्या जाणाऱ्या ग्रंथांत जिर्रीस आणि मारमाही यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि ते खायला हरकत नाही असा निर्णय आहे. कोकणातले आपले बांधव शाफई. त्यांच्याकडे समुद्री जिवांबाबत जास्त मोकळीक आहे. शिया जाफरी फिकहमध्ये मात्र खवले असलेलाच मासा चालतो, आणि जिर्री-मारमाही वर्ज्य मानले जातात.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची एक आख्यायिका याच खवल्यांची आहे. डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी प्रवासी आला. हे तेल गाळणारे, मराठी बोलणारे 'शनिवार तेली' खरोखर यहुदी आहेत का, हे बघायला त्यानं बायकांपुढं मिश्र मासळी ठेवली. त्यांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले आणि त्याची खात्री पटली, असं सांगतात.

गंमत अशी की वामच्या अंगावर खवले असतात. इतके बारीक आणि चिकट कातडीत इतके रुतलेले की साध्या नजरेला दिसत नाहीत. मग ते 'खवले' धरायचे का, हा प्रश्न आलिमांचा. माझी ती पात्रता नाही. पण असे प्रश्न बंद पेटीत पडून राहत नाहीत हे खरं. इराणमध्ये १९८३ मध्ये आयतुल्ला खोमेनी यांनी स्टर्जन माशाला, ज्याच्या अंड्यांची कॅव्हिआर होते, खवले आढळतात या आधारावर हलाल ठरवलं होतं.

हे सगळं नगरच्या संदर्भात का महत्त्वाचं? कारण बुऱ्हाण निजामशाह पहिला यानं १५३७ मध्ये, इराणहून आलेले विद्वान शाह ताहिर यांच्या प्रभावाखाली, शिया पंथ राज्याचा पंथ म्हणून जाहीर केला. बुऱ्हाणच्या भोवतीची माणसं डोळ्यांसमोर आणा. शाह ताहिर हे इराणी शिया. सरदारांत सुन्नी दख्खनी आणि आफ्रिकेतून आलेले हबशी. कारभारात कावरसेन हा ब्राह्मण पेशवा. गोव्याहून ये-जा करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता, ज्याचं कुटुंब यहुदी धर्मातून ख्रिस्ती झालेलं. या सगळ्यांसमोर वामचा एकच रस्सा ठेवला असता, तर कुणी तो आवडीनं खाल्ला असता, कुणी धर्मानं मना केला असता, कुणी पंक्तीलाच बसला नसता. आणि तरी ही माणसं एकच राज्य चालवत होती. ताटातला नियम वेगळा असणं आणि एकत्र राहता न येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सोबत कधी तुटते

एकत्र राहणं तुटलंही. त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. निजामशाही दरबारात दख्खनी आणि आफाकी असे दोन तट होते. आफाकी म्हणजे इराण-तुराणकडून नव्यानं आलेले. दख्खनी म्हणजे इथं पिढ्यान् पिढ्या राहिलेले, आणि त्यांच्याशी जोडलेले हबशी. १५८८ मध्ये मुर्तझा निजामशाह मुलाच्या हातून मारला गेला, पुढच्याच वर्षी तो मुलगा, मीरान हुसेन, मारला गेला, आणि त्या गोंधळात जमालखानाच्या नेतृत्वाखालच्या दख्खनी गटानं शहरातल्या आफाकींची कत्तल केली. नगरमध्ये वाढलेला इतिहासकार फरिश्ता त्या दिवसांतून वाचला आणि विजापूरला निघून गेला. आज आपण दख्खनचा इतिहास वाचतो तो मोठ्या प्रमाणावर त्याच्या लेखणीतून.

जमालखान महदवी होता. त्यानं महदवी पंथाला राज्याश्रय दिला. १५९१ मध्ये बुऱ्हाण दुसरा आला आणि शिया पंथ परत आला. वरवर हे पंथांचं भांडण दिसतं. आत पाहिलं तर जहागिरी, मनसबी, किल्ल्यांच्या चाव्या आणि बालराजाचा ताबा कुणाकडे, हे प्रश्न होते. कमी जागेत जास्त दावेदार कोंडले गेले. 'बाहेरून आलेला' हा शिक्का तेव्हाही सोयीनं मारला जायचा. जमालखानाच्या गटातले हबशी तरी कुठून आले होते? पुढं याच निजामशाहीला पंचवीसेक वर्षं मुघलांसमोर उभं ठेवणारा मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता. आणि त्यानं १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला, म्हणजे नंतरच्या औरंगाबादला, अजून आठवतं ते त्यानं आणलेलं पाणी.

शहराचं पाणी

राजे बदलले तरी नगरमध्ये पाणी येत राहिलं. अहमद निजामशाहनं पंधराव्या शतकाच्या शेवटी भिंगारजवळ, सीनेच्या काठी हे शहर वसवलं. सीना काही बारमाही भरून वाहणारी नदी नाही. त्यामुळे कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार, नेप्ती अशा आसपासच्या उंचवट्यांवरून जमिनीखालून खापरी नळांनी पाणी आणलं गेलं. उतार इतका बेतलेला की पाणी स्वतःच्या वजनानं पुढं सरकावं. मध्ये मध्ये हवा सुटायला उच्छ्वास, गाळ बसायला हौद. झाकलेलं पाणी उन्हानं आटत नव्हतं आणि थंड राहायचं.

त्या पाण्यावर बागा झाल्या. हश्त बिहिश्त बागेत तलावात महाल होता. फराहबागेचा महाल १५८३ मध्ये, मुर्तझाच्या काळात सलाबतखानानं पुरा केला. तोही चहूबाजूंनी पाणी असलेल्या हौदात उभा होता. आज तिथं गेलं तर महाल आहे, हौद कोरडा आहे.

मशिदीच्या हौदाचंही एक शास्त्र आहे. हनफी फिकहमध्ये 'दह दर दह', म्हणजे दहा हात बाय दहा हात, एवढं पाणी मोठं मानलं जातं. रंग, वास किंवा चव बदलल्याशिवाय ते नापाक ठरत नाही. पाण्यातच जगणारा मासा पाण्यात मेला तरी ते पाणी बिघडत नाही, असंही फुकहांनी लिहून ठेवलं आहे. हे नियम तहारतसाठी आहेत, मासे पाळण्यासाठी नाहीत. पण मासे पाळणारा प्रत्येकजण पहिल्या महिन्यात जे शिकतो त्याच्याशी त्यांचा सूर जुळतो: पाणी जितकं जास्त, तितकं ते बिघडायला वेळ लागतो.

काचेच्या टाकीत

म्हणून वाम पाळायचा तर टाकी मोठी हवी. दुकानात तो बोटाएवढा असतो. नदीत तो तीन फुटांच्या आसपास जाऊ शकतो आणि टाकीतही दोन फुटांपर्यंत पोचतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, सुमारे अडीचशे लिटरची टाकी ही सुरुवात समजा. तेवढी जागा नसेल तर हा मासा आणू नये.

तळाला बारीक, गोलसर कणांची वाळू घालावी. वाम वाळूत स्वतःला पुरून घेतो. धारदार खडी असेल तर कातडी सोलवटते आणि जखम चिघळते. लपायला जागा हवीच. जुन्या खापरी नळाचा किंवा कुंडीचा तुकडा, कौल, प्लास्टिकचा पाइप, काहीही चालतं. लपायला जागा नसलेला वाम खात नाही आणि खंगतो. टाकीला घट्ट झाकण हवं, कारण तो बोटभर फटीतून बाहेर निसटतो आणि सकाळी फरशीवर सापडतो.

पाण्याचं तापमान २३ ते २८ अंश सेल्सिअस, आम्लता ६.५ ते ७.५ च्या दरम्यान असावी. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुधा जड असतं. ते वापरायचं तर आधी तपासून घ्यावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढून मगच ते टाकीत घालावं. नवी टाकी भरून त्याच दिवशी मासा सोडू नये. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावं. नगरच्या उन्हाळ्यात टाकी तापते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. टाकी खिडकीपासून दूर ठेवावी, हवेचा पंप सतत चालू ठेवावा आणि वीज गेली तर बॅटरीवरचा पंप हाताशी असावा. आजारपणात तांबं असलेली औषधं जपून वापरावीत. ती या माशाला लवकर बाधतात.

तो रात्रीचा शिकारी. गांडुळं, रक्तअळ्या, सोललेली कोळंबी दिवे मालवल्यावर द्यावी. दाणेदार कोरडं खाद्य बहुतेक वाम तोंडात घेत नाहीत.

आता सोबती. गप्पी, निऑन टेट्रा यांच्यासारखे बारके मासे त्याच्या टाकीत टाकले तर ते एकेक करून दिसेनासे होतात. ऑस्करसारखे दांडगे मासे उलट त्यालाच छळतात आणि त्याचं खाणं पळवतात. त्याच्या तोंडात न मावणारे, शांत, पाण्याच्या मधल्या आणि वरच्या थरात फिरणारे मासे चालतात: मोठ्या जातीचे बार्ब, गुरामी. वामला वाम चालेलच असं नाही. मोठे झालेले दोन वाम एकाच नळावर हक्क सांगू लागले की चावाचावी होते. लपायच्या जागा माशांपेक्षा जास्त ठेवल्या तर भांडण टळतं.

पाळण्यालाही धर्माची अट आहे. हदीसमध्ये अबू उमैर या मुलाच्या छोट्या पक्ष्याची आठवण आहे, आणि त्यावरून उलमांनी पाळण्याची परवानगी काढली. त्याच हदीससंग्रहात मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईचीही गोष्ट आहे. परवानगी आणि जबाबदारी एकत्रच येतात.

जो टाकीत आणू नये तो

अहीर मात्र कुणी पाळू नये. तो चार फुटांपर्यंत वाढतो आणि टाकीत कधीच अंडी घालत नाही, कारण त्यासाठी त्याला महासागर लागतो. स्वीडनमधल्या ब्रान्तेविक गावातल्या विहिरीत १८५९ मध्ये सोडलेला युरोपीय ईल २०१४ मध्ये मेला, अशी तिथली कथा आहे. ते वय खरं असो वा नसो, ईलचा स्वभाव त्यातून कळतो: समुद्राची वाट मिळाली नाही तर तो अडकून राहतो, म्हातारा होतो, पण वंश पुढं नेत नाही.

आपण त्याची वाट केव्हाच बंद केली आहे. गोदावरीच्या मुखाजवळ धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये झाला. प्रवरेवर भंडारदरा १९२६ मध्ये, पैठणला जायकवाडी १९७६ मध्ये, मुळेवर राहुरीजवळ धरण. या पाण्यानं आपली शेतं भिजली, साखर कारखाने उभे राहिले, नळाला पाणी आलं. त्याचा लाभ मीही घेतो, त्यामुळे धरणांना शिव्या देणं प्रामाणिक होणार नाही. पण या भिंती बांधताना माशांना चढून जायला वाट ठेवण्याचा विचार क्वचितच झाला. नेवाशाला, जिथं ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये आपला ग्रंथ सांगितला, त्या प्रवरेच्या पात्रापर्यंत समुद्रातून निघालेलं पिल्लू आज पोचायचं तर त्याला किती भिंती चढाव्या लागतील, ते नकाशावर मोजून पाहा.

आपल्या हातात आहे तेवढं तरी करता येईल. टाकीतला मासा नकोसा झाला म्हणून विहिरीत, तलावात किंवा नदीत सोडू नये. परदेशी मासे असेच पाण्यात गेले आणि त्यांनी इथल्यांची जागा घेतली. वाम विकत घ्यायचा तर तो कुठून आला ते दुकानदाराला विचारावं. आणि घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं की त्यांच्या लहानपणी नदीत कोणते मासे होते, त्यांना काय म्हणायचे. ते नाव वहीत लिहून ठेवावं, सांगणाऱ्याच्या नावासकट. साइक्सनं ते केलं नव्हतं.